यंत्र हाती, अपडेट वाटेवर

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात वाद्यव्यापाऱ्यांची एक मोठी जत्रा भरते. तिला ‘नॅम शो’ म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये या जत्रेत फिनलंडच्या न्यूरल डीएसपी या जेमतेम तीन वर्षांच्या कंपनीने एक चपटी पेटी मांडली. लांबीला फुटाच्या आत, वजनाला दोन किलोच्या आत. वर सात इंची टचस्क्रीन आणि पायाने दाबायची अकरा बटणं. हीच बटणं बोटांनी पिळली की नॉबसारखी फिरायची. नाव क्वाड कॉर्टेक्स. व्हिडिओ जगभर फिरले, आगाऊ नोंदणी सुरू झाली. नंतर दोन महिन्यांत जगाला टाळं लागलं आणि पेटीची पहिली खेप गिऱ्हाइकांच्या हाती पडायला २०२१ उजाडलं. इथवर कुणाची फारशी तक्रार नव्हती, महामारीत सगळ्यांचंच सगळं लांबलं होतं. खरी वाट पाहणं पेटी घरात आल्यावर सुरू झालं.

गिटारशी संबंध नसलेल्या वाचकाला आधी या पेटीचं काम सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर ती डासासारखी कुणकुणते. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो तो घडतो तारेनंतरच्या वाटेवर. ॲम्प्लिफायरमधल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये, स्पीकरच्या कागदी पडद्यावर आणि मध्ये जोडलेल्या लहान-लहान पेडलांत. एक पेडल आवाज फाडतं (डिस्टॉर्शन), एक त्याचे प्रतिध्वनी काढतं (डिले), एक तो देवळाच्या गाभाऱ्यात वाजल्यासारखा घुमवतं (रिव्हर्ब). बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-वन हे डिस्टॉर्शन पेडल १९७८ पासून बाजारात आहे. तीन नॉब, एक पायपट्टी, नऊ व्होल्टची बॅटरी. अशी दहा-बारा पेडलं एका फळीवर बसवायची, वायरी जोडायच्या आणि वीस-पंचवीस किलोचा ॲम्प उचलून कार्यक्रमाला जायचं, हा वादकांचा जुना रिवाज. एक वायर सैल झाली की ती शोधण्यात साउंडचेकची वेळ संपायची.

हा सगळा पसारा गणिताने एका डब्यात भरायचा, हे मॉडेलर यंत्रांचं काम. लाइन सिक्स कंपनीने १९९८ मध्ये ‘पॉड’ काढला. लाल रंग आणि आकार थेट राजम्याच्या दाण्यासारखा. फ्रॅक्टल ऑडिओचं ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये आलं. जर्मनीतल्या ख्रिस्टोफ केम्पर यांनी २०११ मध्ये निराळीच युक्ती आणली. तुमच्या खऱ्या ॲम्पला यंत्र जोडा, यंत्र त्याला चाचणीचे आवाज ऐकवेल आणि त्याची छबी टिपून घेईल. क्वाड कॉर्टेक्सने ही युक्ती न्यूरल नेटवर्कच्या हाती दिली. ॲम्पसमोर माइक लावायचा, काही मिनिटं थांबायचं, की यंत्राने त्या ॲम्पची नक्कल शिकून घेतलेली. या नकलेला ‘कॅप्चर’ म्हणतात आणि ती इतकी हुबेहूब होती की नाकं मुरडणारे व्हॉल्व्हभक्तही गप्प बसले.

कंपनीचे संस्थापक डग्लस कास्त्रो आणि फ्रान्सिस्को क्रेस्प मूळचे चिलीचे, बस्तान हेलसिंकीत. कास्त्रो यांनी आधी डार्कग्लास हा बेस गिटारच्या पेडलांचा कारखाना उभा केला होता. न्यूरल डीएसपीचं नाव मात्र झालं ते संगणकावरच्या प्लगइनमुळे. प्लगइन म्हणजे लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना गिटारला ॲम्प आणि पेडलं पुरवणारं सॉफ्टवेअर. सिडनीचा गिटारिस्ट प्लिनी किंवा फ्रान्सचा गोजिरा हा मेटल बँड यांचा खास आवाज, म्हणजे टोन, ‘आर्केटाइप’ नावाच्या मालिकेतून विकत मिळू लागला. (पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात कॉन्सिएर्जरीच्या खिडक्यांमधून गडगडलेला बँड तो हाच.) घरी बसून वाजवणाऱ्या हजारो पोरांनी हे प्लगइन घेतले. साहजिकच पुढचा प्रश्न आला: हाच टोन स्टेजवर कसा न्यायचा? लॅपटॉप घेऊन स्टेजवर जायचं म्हणजे जीव मुठीत धरून वाजवायचं.

क्वाड कॉर्टेक्स हे त्याचं उत्तर म्हणून पुढे आलं. विकत घेतलेले प्लगइन या पेटीत चालतील, हे सुरुवातीपासून सांगितलं गेलं. ‘चालतील’ यातला भविष्यकाळ त्या वेळी फारसा कुणाला खटकला नाही.

पेटी हातात आली तेव्हा कॅप्चर उत्तम, स्क्रीन उत्तम, बांधणी उत्तम. बाकी यादी तोकडी. रिव्हर्ब आणि डिलेचे प्रकार प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने कमी, प्लगइनचा पत्ता नाही आणि संगणकावरून यंत्र हाताळायची सोयही नाही. किंमत मात्र दीड हजार डॉलरच्या वर, म्हणजे सीमाशुल्क न धरताही लाखापलीकडे. हे सारं पुढच्या अपडेटांतून येणार होतं. यंत्राच्या अंतर्गत सॉफ्टवेअरला कंपनी ‘कोरओएस’ म्हणते. त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आणि प्रत्येकीत काही ना काही होतं. चुका दुरुस्त झाल्या, नवे ॲम्प आले, नवे इफेक्ट आले. पण प्लगइन आणि संगणकावरचा एडिटर या ज्या दोन गोष्टींसाठी लोक ताटकळत होते त्या पुढल्या खेपेत, मग त्याच्या पुढल्या खेपेत जात राहिल्या. आपल्याकडे किराणा दुकानात पाटी असते, ‘आज रोख, उद्या उधार’. ती पाटी उद्याही तशीच असते.

संगणकावरच्या एडिटरसाठी एवढा जीव का टाकायचा, असं बाहेरच्याला वाटेल. टचस्क्रीन तर आहेच की! पण हे यंत्र पायाशी ठेवायचं असतं. तालमीत ड्रमरने चार आकडे मोजले आणि मध्येच वाटलं, डिले जरा कमी हवा, की गिटार सावरत जमिनीवर उकिडवं बसायचं, बोटांनी आकडा बदलायचा, उठायचं, वाजवायचं, पुन्हा बसायचं. चाळीस गाण्यांचा कार्यक्रम असेल तर चाळीस प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेल्या मांडण्या, असेच बांधायचे. पाठीचं दुखणं असलेल्या वादकाने काय करावं? संगणकाच्या मोठ्या पडद्यावर हे काम माऊसने खुर्चीत बसून होतं. लाइन सिक्सच्या हेलिक्स या प्रतिस्पर्धी यंत्राला तसा एडिटर होता, ॲक्स-एफएक्सला होता. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की केम्परच्या गिऱ्हाइकांना पूर्ण एडिटर मिळायला २०१९ उजाडलं होतं, म्हणजे यंत्र जाहीर झाल्यानंतर आठ वर्षं. तेव्हाही कपाळं आपटून झाली होती. न्यूरल डीएसपीचा ‘कॉर्टेक्स कंट्रोल’ २०२३ मध्ये आला.

प्लगइनचं घोडं मात्र जास्त खोल चिखलात अडलं होतं. ते का अडलं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘लॅपटॉपवर चालतं ते तुमच्याच पेटीत का चालत नाही?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न वरवर अगदी बिनतोड वाटतो.

लॅपटॉपचा प्रोसेसर सर्वांगी पैलवान असतो. अनेक गिगाहर्ट्झचा वेग, पोटात कितीतरी जीबी मेमरी. क्वाड कॉर्टेक्समध्ये ‘शार्क’ जातीचे चार प्रोसेसर आहेत. ते ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचे, आवाजासारख्या संकेतांवर गणित करण्यासाठीच घडवलेले. चौघांचा मिळून वेग २ गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५०० मेगाहर्ट्झ, आणि हाताशी वेगवान मेमरी अगदी थोडी. यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा गिटारच्या संकेताचा नमुना घेतं. दोन नमुन्यांमधलं अंतर जेमतेम २१ मायक्रोसेकंद. नमुन्यांचा एक छोटा घास आला की पुढचा येण्याआधी ॲम्प, स्पीकर, डिले, रिव्हर्ब सगळ्यांचं गणित उरकलंच पाहिजे. लॅपटॉपवर हिशेब चुकला तर ‘टक्’ असा आवाज येतो, वादक शिवी हासडतो आणि पुन्हा रेकॉर्ड करतो. स्टेजवर पुन्हा नसतं.

उशीर करूनही भागत नाही. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाज कानापर्यंत यायला नऊ मिलिसेकंद लागतात आणि तेवढी सवय वादकाच्या हाताला असते. त्यावर यंत्राने आपले दहा-वीस मिलिसेकंद घातले की बोट आणि आवाज यांची ताटातूट होते. वाजवणाऱ्याला ती लगेच कळते, श्रोत्याला कळायच्या कितीतरी आधी.

त्यामुळे लॅपटॉपसाठी लिहिलेला प्लगइन उचलून पेटीत टाकता येत नाही. त्याचं गणित नव्या प्रोसेसरच्या मापाने पुन्हा बेतावं लागतं, पसरट भाग आखडावे लागतात आणि एवढं करून आवाज तोच राहिला पाहिजे, कारण गिऱ्हाईक दोन्ही शेजारी लावून ऐकणार. शिवाय पडद्यावरचं चित्र सात इंचांत बसवायचं, विकत घेतल्याची खातरजमा यंत्राने करायची, प्लगइन इतर इफेक्टांबरोबर एकाच साखळीत नांदला पाहिजे. हे काम एकदा करून सुटका नाही. मालिकेत जितके प्लगइन, तितक्यांदा.

मग माणसं वाढवा, असं म्हणणारे निघालेच. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस-३६० या प्रचंड प्रकल्पाचा अनुभव १९७५ मध्ये पुस्तकात मांडला, तेव्हापासून सॉफ्टवेअरवाल्यांत एक गोष्ट पक्की आहे. रेंगाळलेल्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी रेंगाळतं, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात. शार्कवर सफाईने लिहिणारे प्रोग्रामर तसेही रस्त्यावर पडलेले नसतात.

हे सगळं खरं आहे. तरी त्याने राग शमला नाही आणि शमायला नकोच होता. कारण काम अवघड आहे हे गिऱ्हाइकाला कळायचा काही मार्ग नव्हता. अवघडपणाचा अंदाज घेणं हे वचन देणाऱ्याचं काम. त्याने ते वचन जाहिरातीत आधी वापरलं आणि अंदाज नंतर घेतला. कंपनीने वेळोवेळी कामाच्या प्रगतीची निवेदनं काढली. अमुक काम चालू आहे, तमुक पुढच्या टप्प्यात आहे. पहिल्या-दुसऱ्या निवेदनाने धीर आला. पण घरात नळ जोडून द्यायचं कबूल केलेल्या प्लंबरने दर महिन्याला फोन करून ‘पाइप कापतोय’ सांगावं, तसं व्हायला लागल्यावर निवेदनच चिडीचं कारण झालं.

शेजारच्या दुकानातला व्यवहार पाहून ती चीड वाढत होती. लाइन सिक्सने हेलिक्स आणलं २०१५ मध्ये. ही कंपनी त्याआधीच यामाहाच्या पंखाखाली गेलेली, म्हणजे पाठीशी भांडवल. त्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले. २०२२ मध्ये, सात वर्षं जुन्या यंत्रात, स्पीकर-कॅबिनेटची नक्कल करणारं इंजिनच बदलून दिलं. फ्रॅक्टलचे क्लिफ चेस हा तर वेगळाच नमुना. २०१८ च्या ॲक्स-एफएक्स थ्रीसाठी त्यांच्या अंतर्गत सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा असा रतीब चालला की काही गिऱ्हाइकांची उलटी तक्रार सुरू झाली: आत्ता बांधलेला टोन नव्या आवृत्तीत बदलला, आता पुन्हा बसा! दूधवाला रोज आला तरी कुरकुर आणि नाही आला तरी कुरकुर, हे मान्य. पण या दोघांच्या गिऱ्हाइकांना बरंचसं अचानक मिळत होतं, न सांगता. त्यामुळे ते बक्षीस वाटत होतं. क्वाड कॉर्टेक्सवाल्यांना जे मिळायचं होतं त्याचे पैसे त्यांनी आधीच मोजले होते. त्यामुळे तीच गोष्ट त्यांना थकबाकी वाटत होती.

हा फरक घड्याळाचा नाही. एडिटरसाठी केम्परचे गिऱ्हाईक जास्त वर्षं थांबले. पण प्लगइनसारखी वस्तू, जी गिऱ्हाइकाने स्वतंत्र पैसे देऊन आधीच घेतलेली आहे आणि जिच्यासाठी म्हणून पेटी घेतली आहे, ती केम्परवाल्यांची अडकलेली नव्हती.

शंभर-सव्वाशे डॉलरचा एकेक प्लगइन, असे तीन-चार घेतलेला वादक डोळ्यांपुढे आणा. पेटी घेतली की लॅपटॉप घरी ठेवता येईल, हा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात पेटी पायाशी, लॅपटॉप स्टुलावर आणि दोन्हीकडे निरनिराळे टोन. काहींनी आपल्याच प्लगइनचं कॅप्चर काढून पेटीत भरलं. जुगाड चाललं, पण कॅप्चर म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्यातले नॉब मूळ प्लगइनसारखे फिरत नाहीत, डिले-रिव्हर्ब त्यात येत नाहीत. काहींनी वैतागून यंत्र विकलं. बाकीच्यांत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणत, ‘यंत्र आज जे करतं ते बेस्ट करतं, वाजवा की, रडता काय?’ दुसरे म्हणत, ‘मग पाकिटावर तेवढंच लिहायचं होतं.’ या भांडणात दुसऱ्यांचं पारडं जड आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत.

आधी विका, मग बनवा, ही रीत काही गिटारवाल्यांनी शोधलेली नाही. टेस्लाने २०१६ च्या ऑक्टोबरपासून गाडीबरोबर ‘पूर्ण स्वयंचलना’चे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती सोय अस्तित्वातच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या हॅलो गेम्सने ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळातला गेम विकायला काढला. इतर खेळाडू भेटतील अशी लोकांची समजूत झालेली, पण भेटलं कुणीच नाही. शिव्यांचा वर्षाव झाल्यावर ती छोटी कंपनी बोलायची थांबली आणि कामाला लागली. २०१८ च्या जुलैमध्ये खरंखुरं एकत्र खेळणं आलं, पुढेही वर्षानुवर्षं भर पडत राहिली, सगळी फुकट. आज तोच गेम कौतुकाने खेळला जातो. गप्प बसून काम करण्याचं हे उदाहरण न्यूरल डीएसपीच्या टीकाकारांनी आणि पाठीराख्यांनी, दोघांनीही, आपापल्या सोयीने वापरलं.

कायद्याचं म्हणाल तर युरोपीय संघाचा २०१९ चा वस्तुविक्रीविषयक निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ज्या वस्तूच्या पोटात सॉफ्टवेअर आहे ती वस्तू नीट चालत राहण्यासाठी लागणारे अपडेट देणं त्याने विक्रेत्यावर बंधनकारक केलं. वस्तू कशी असावी हे ठरवताना जाहिरातीतली विधानंही त्यात धरली जातात. पण चालत राहणं वेगळं आणि नवं काही येणं वेगळं. ‘पुढे येईल’ या तारीख नसलेल्या वाक्याला कोर्टात कितपत धार राहील, हे वकिलांनी सांगावं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दुखणं दुसऱ्या धंद्यातून पाठ आहे. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव निळाशार, ताब्याच्या दिवशी तिथे खड्डा. पण फ्लॅटचा करार नोंदवलेला असतो, त्यात ताब्याची तारीख असते आणि ती चुकली तर रेरा कायद्याच्या १८व्या कलमाने व्याज मागता येतं. पेडलच्या खोक्यावर तारीख नसते.

अखेर २०२४ च्या मध्यावर कोरओएसची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर प्लगइन पेटीत शिरले. सगळे नव्हे. आधी प्लिनीचा, त्यामागोमाग गोजिराचा, दोन्ही नव्याने बांधून नावापुढे ‘एक्स’ लावलेले. ज्यांच्याकडे जुने होते त्यांना नव्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत, ही गोष्ट कंपनीने नीट केली. बाकीचे प्लगइन हप्त्याहप्त्याने. आपल्या आवडत्या वादकाचं नाव यादीत खाली असलेल्यांची वाट पाहणं पुढेही चालूच राहिलं. जे आलं ते मात्र चांगलं आलं. लॅपटॉपवरचे टोन पेटीत ओळखीचे वाटले आणि जुने टीकाकारही स्टुलावरचा लॅपटॉप उचलून कपाटात ठेवायला लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने ‘नॅनो कॉर्टेक्स’ ही लहान, स्वस्त पेटी काढली. थोरल्या पेटीचे हप्ते बाकी असताना धाकटीचं बारसं बघून जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींचं माथं पुन्हा भडकलं. धाकटीवर राबलेले हात थोरलीला मिळाले असते, असं त्यांचं गणित. ते बरोबर असेलच असं नाही, लहान यंत्र विकून येणारा पैसाही थोरल्याच्या अपडेटला लागतो. पण चार वर्षं थांबलेल्या माणसाला हे ऐकवायला कुणी जाऊ नये.

२०२० साली कागदावरची पेटी बघून नोंदणी करणारा आणि २०२४ च्या अखेरीस तयार पेटी घेणारा, दोघांच्या पायाशी आज एकच यंत्र आहे, आत एकच सॉफ्टवेअर आहे. दुसऱ्याला एडिटर आणि पहिले प्लगइन पहिल्या दिवशी मिळाले. पहिल्याने त्यासाठी जो काळ काढला त्याची नोंद कंपनीच्या कुठल्याही आवृत्तीच्या टिपणात नाही.